सावलीचा भाव

दहा-अकरा वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला मी 'आमच्या घराजवळची बाग' हा निबंध लिहायला दिला होता. मुलांच्या निबंधांतील बागा बहुधा सारख्याच असतात. तेथे पक्षी किलबिलाट करतात, फुले वाऱ्यावर डोलतात आणि शेवटी 'म्हणून मला बाग फार आवडते' हे वाक्य ठरल्याप्रमाणे येते. त्या गठ्ठ्यात एका मुलाने मात्र अवघ्या सहा-सात ओळी लिहिल्या होत्या. आमच्या चाळीसमोर बाग झाली, ती चांगली आहे, संध्याकाळी तेथे दिवे लागतात, बाग झाल्यामुळे आमच्या चाळीला भाव आला, म्हणून दिवाळीनंतर आम्ही अंबरनाथला राहायला जाणार, असे त्याने लिहिले होते. मी खाली लाल शाईने शेरा मारला, 'विषय सोडून लिहू नये', आणि दहापैकी चार गुण दिले.

ती बाग आम्हीच केली होती. शाळेला लागून एक उकिरडा होता. आम्ही चार शिक्षक, वरच्या वर्गांतील मुले आणि वस्तीतील काही माणसे यांनी दोन वर्षे रविवारमागून रविवार तेथे घालविले. कचरा उपसला, माती आणली, करंज, बहावा, कडुनिंब आणि बकुळ लावली. अर्ज-विनंत्या करून कुंपण, बाके आणि दिवे मिळविले. फाटक उघडले त्या दिवशी आपण आयुष्यात निदान एक तरी निर्दोष काम केले, असे मला वाटले होते. समोरच्या चाळीकडे तोवर तिच्या मालकाचेही लक्ष नव्हते. बाग झाली आणि तीन वर्षांत तेथे नव्या इमारतीची पाटी लागली. पाटीवर चित्र होते ते आमच्या झाडांचे. ज्यांच्या नावावर भाड्याच्या पावत्या होत्या त्यांना खोल्या मिळाल्या किंवा पैसे मिळाले. त्या मुलाचा बाप पोटभाडेकरू होता. त्याच्या नावावर काहीच नव्हते. कोणी त्याला ढकलले नाही, कोणी धमकी दिली नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे कायदाही कोठे मोडला गेला नाही. त्याला जावे लागले एवढेच.

मुलाने विषय सोडला नव्हता. साऱ्या वर्गात विषय धरून लिहिणारा तो एकटाच होता. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली तेव्हा शाळेच्या पटावरून त्याचे नाव गेलेले होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा पुरवीत आहे. सर्वांसाठी म्हणून केलेले एखादे काम काहींना घरातून उठविण्यास कारण झाले, तर करणाराच्या माथी त्यातले किती येते? आपल्या एका गल्लीवरून एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निवाडा करणे बरे नव्हे. म्हणून हाच खेळ जेथे फार मोठ्या पटावर आणि उजेडात खेळला गेला त्या गावी, न्यूयॉर्कला, वाचकांना घेऊन जातो.

मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला मालगाड्या एके काळी भर रस्त्यातून धावत. दहाव्या ॲव्हेन्यूवर इतकी माणसे गाडीखाली सापडत की त्या रस्त्याला लोक 'मृत्यूचा रस्ता' म्हणू लागले. गाडीपुढे घोड्यावरून लाल निशाण हलवीत जाणारे स्वार नेमावे लागले. अखेर १९३४ साली रूळ उचलून जमिनीपासून तीस फुटांवर, लोखंडी खांबांवर नेण्यात आले. पुढे मालवाहतूक मोटारट्रकांकडे गेली आणि १९८० साली या मार्गावरून शेवटची गाडी गेली. मग वीस वर्षे रूळ तसेच पडून राहिले. वाऱ्याने आणलेल्या बियांतून तेथे गवत उगवले, रानफुले फुलली, आणि शहराच्या डोक्यावर कोणीही न लावलेले एक रान उभे राहिले.

खालच्या जमिनींच्या मालकांना हा लोखंडी सांगाडा नको होता. त्यांनी तो पाडून टाकण्याची मागणी लावून धरली. १९९९ साली त्याच भागात राहणाऱ्या जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड या दोघा तरुणांनी तो वाचविण्यासाठी एक संस्था काढली. दोघेही ना स्थापत्याचे जाणकार, ना बागकामाचे. २००१ च्या अखेरीस मावळत्या महापौरांनी पाडण्याच्या बाजूने कौल दिला होता. नव्या महापौरांनी तो फिरविला. २००९ च्या जूनमध्ये बागेचा पहिला टप्पा उघडला, २०११ मध्ये दुसरा आणि २०१४ मध्ये तिसरा. सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीची ही 'हाय लाइन' नावाची बाग आज जगातील प्रवाशांचे एक तीर्थस्थान झाली आहे. पीट आउडॉल्फ या डच उद्यानकाराने तेथे जुन्या रानाची आठवण राहील अशी झुडपे आणि गवते लावली. प्रवेशाला पैसा पडत नाही.

पण ही बाग निव्वळ गवताफुलांवर उभी राहिली नाही. २००५ साली शहराने त्या भागातील बांधकामाचे नियम बदलले. बागेखालच्या जमिनीवर जे बांधता येणार नव्हते, ते बांधण्याचा हक्क जवळच्या दुसऱ्या भूखंडाला विकण्याची मुभा मालकांना मिळाली. जे मालक सांगाडा पाडा म्हणत होते, त्यांच्या हाती सांगाडा राहण्यातच पैसा आला आणि त्यांचा विरोध मावळला. ही युक्ती हुशारीची होती हे कबूल केले पाहिजे. तिच्यावाचून बाग झाली असती की नाही, कोण जाणे. त्या नियमांत परवडणाऱ्या घरांसाठी काही सवलतीही होत्या. परंतु पुढे जे झाले त्याच्या मानाने त्या तोकड्या ठरल्या. जेथे गुदामे आणि मोटारदुरुस्तीची गॅरेजे होती तेथे काचेचे मनोरे उठले. शहराच्याच अर्थविकास संस्थेने २०११ मध्ये काढलेल्या निष्कर्षाप्रमाणे २००३ ते २०११ या काळात बागेजवळच्या राहत्या मालमत्तांचे मूल्य दुपटीच्या वर गेले.

आणि त्याच बागेच्या अंगाला सरकारी भाड्याच्या दोन जुन्या वसाहती आहेत. तेथे कष्टकरी, अल्प उत्पन्नाची कुटुंबे राहतात, आणि त्यांतील बहुसंख्य काळे किंवा लॅटिन वंशाचे आहेत. घराचे भाडे सरकारने बांधून दिलेले असल्यामुळे त्यांना तेव्हा लगेच उठावे लागले नाही. पण भोवतालची स्वस्त दुकाने, खाणावळी आणि ओळखीचे चेहरे पाहता पाहता नाहीसे झाले. बाग दाराशी असून ही माणसे तेथे फारशी फिरकत नाहीत, असे आढळून आले. ही बाग आपल्यासाठी नाही, तेथे आपल्यासारखे कोणी दिसत नाही, असे ती सांगत. २०१७ साली हॅमंड यांनी स्वतःच उघडपणे कबूल केले की शेजाऱ्यांच्या बाबतीत आम्ही चुकलो. बाग कशी दिसावी हे आम्ही त्यांना विचारले, पण तुमच्यासाठी काय करू, असे विचारायला हवे होते. आपल्या कीर्तीच्या शिखरावर उभे राहून असे बोलणारी माणसे फार थोडी. मला ती बाग पाहण्याचा योग नाही, पण तिच्या या माळ्याविषयी मात्र आदर वाटतो.

आता प्रश्नाला सरळ भिडू. करणारा दोषी आहे काय?

पहिले उत्तर आपल्या रक्तात भिनलेले आहे. हेतू शुद्ध असला की माणूस सुटला. कर्म करावे, फळाची आशा धरू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या शिकवणीत आपण एक सोयीस्कर गफलत करतो. फळाची आशा सोडायची ती आपल्या स्वतःच्या फळाची. आपल्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या ताटात काय पडते, तिकडे डोळेझाक करण्याची मुभा तीत कोठेच नाही. मुलाला औषध देणारी आई 'माझा हेतू चांगला होता' म्हणून मात्रा मोजायची थांबत नाही. प्रेम जितके खरे, तितकी मोजदाद काटेकोर. शुद्ध हेतू हा हिशेबातून सूट मिळविण्याचा परवाना मानणे म्हणजे सद्गुणाला आळस चिकटविणे होय.

दुसरे उत्तर असे की, परिणाम कोणाला ठाऊक होता? अजाणता घडले त्याचा दोष कसला? या उत्तरात जोर आहे, आणि पुष्कळ दिवस मी याच्याच आश्रयाने राहिलो. पण इतिहास हा आश्रय टिकू देत नाही. याच न्यूयॉर्कमध्ये याआधी दीडशे वर्षे सेंट्रल पार्क झाले. त्या भव्य बागेचा एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. बागेवर एवढा खर्च कशाला, असे विचारणारांना त्याने आकडे दाखविले. बागेला लागून असलेल्या तीन वॉर्डांतील जमिनीचे मूल्य किती चढले आणि त्यामुळे शहराच्या करात किती भर पडली, याचा हिशेबच पुढे मांडला. म्हणजे बागेने भाव वाढतो ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच उघडी होती. तो अपघात नव्हता, बागेच्या बाजूने केलेला तो युक्तिवाद होता. जे आपण फायदा म्हणून आधी मोजतो, त्याचीच दुसरी बाजू समोर आली की 'हे आम्हांस ठाऊक नव्हते' असे म्हणता येत नाही.

सेंट्रल पार्कची आणखी एक कथा आहे. बाग होण्यापूर्वी तेथे सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून काळ्या माणसांनी तेथे थोडी थोडी जमीन विकत घेऊन घरे बांधली. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात काळ्या पुरुषाला मत द्यायचे तर अडीचशे डॉलर किमतीची मालमत्ता असावी लागे. गोऱ्यावर ही अट नव्हती. तेव्हा तेथील तुकडाभर जमीन हा निवारा होता आणि नागरिकत्वही होते. १८५५ च्या सुमारास तेथे सव्वादोनशे माणसे, तीन चर्च आणि एक शाळा होती. १८५७ साली सारी वस्ती उठविण्यात आली. भरपाई दिली गेली, पण ती अपुरी असल्याच्या तक्रारीही झाल्या. २०११ साली तेथे उत्खनन झाले तेव्हा मातीतून एक लोखंडी किटली आणि एक लहानसा बूट निघाला. त्या बुटावरून पुढे दीडशे वर्षे लोकांनी निर्मळ मनाने सहली काढल्या. त्यांचा काय दोष? काहीच नाही. पण ज्याने कधी पाय ठेवला होता त्याचे ऋण तेवढ्याने फिटले असेही नाही.

येथे कोणी म्हणेल, मग बागा करूच नका. गरिबांच्या वस्त्या उकिरड्यासारख्या ठेवा, म्हणजे भाव चढणार नाही आणि कोणी उठणार नाही. हा युक्तिवाद मी जबाबदार माणसांच्या तोंडून ऐकला आहे, आणि मला तो क्रूर वाटतो. कुरूपता हे गरिबाच्या घराचे कुंपण मानायचे, आणि दुर्गंधी हा त्याचा भाडेकरार! झाडाच्या सावलीची गरज बंगलेवाल्यापेक्षा दहा बाय दहाच्या खोलीत राहणाराला अधिक असते. तेव्हा बाग करणे चूक नव्हे. चूक आहे ती दुसरीकडे, आणि ती शोधायची तर विचारले पाहिजे: बागेने जो भाव वाढला, तो कोणाचा?

हेन्री जॉर्ज नावाच्या अमेरिकन विचारवंताने १८७९ साली 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' या ग्रंथात हाच प्रश्न मांडला. मालक झोपेत असतो, गाव वाढते, रस्ते होतात, शाळा होतात, आणि जागे होऊन पाहावे तर त्याची जमीन दुप्पट मोलाची झालेली असते. ही वाढ त्याने मिळविलेली नाही, समाजाने मिळविली. मग ती समाजाने कररूपाने परत का घेऊ नये? मराठीत यासाठी आपल्याकडे जुनीच म्हण आहे: आयत्या बिळावर नागोबा. मुंगीने वारूळ करावे आणि त्यात नागोबाने राहावे. वर आपण नागपंचमीला पूजा करतो ती नागोबाची, मुंगीची नव्हे!

या विचाराला अडचणी नाहीत असे नाही. एखादी विधवा चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घरात राहते. घराचा भाव चढला म्हणून तिच्या पेन्शनीत वाढ होत नाही, आणि तिच्यावर कर वाढवावा तर तीही घराबाहेर पडेल. कायद्याला हे तारतम्य ठेवावेच लागेल. परंतु अडचण आहे म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. बागेची माती सार्वजनिक, पाणी सार्वजनिक, माळ्याचा पगार सार्वजनिक, आणि तिच्यातून उपजणारी संपत्ती तेवढी खाजगी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

यावर मला माझ्या आजोळचा पार आठवतो. वडाभोवती बांधलेला दगडी पार, थंडगार सावली. त्या पारामुळे कोणाच्या घराचा भाव चढला नाही, कारण तेथे घरे विकली जात नसत. सुख हे सुखच राहत असे, त्याचे रूपांतर किमतीत होत नसे. शहरात मात्र सुखाला घटकाभरही सुख म्हणून राहता येत नाही. वारा आला की त्याचा भाव होतो, सावली पडली की तिचा भाव होतो. असा विचार करून मी गावाकडे हळवेपणाने पाहू लागलो, आणि लगेच ओशाळलो. त्या पारावर सगळे बसू शकत होते काय? आजोबांच्या काळी गावाच्या एका टोकाची माणसे त्या सावलीच्या कडेने, खाली मान घालून जात. तेथे पैशाचे कुंपण नव्हते, जन्माचे होते. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली ठरावाने सर्वांना खुले केले, आणि तरी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना माणसे बरोबर घेऊन त्याचे पाणी प्यावे लागले. फाटक उघडे असणे आणि आत जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला न्यूयॉर्कने शिकविण्याची गरज नाही. म्हणून मला गावचा पार परत नको आहे. मला शहरातलीच बाग हवी आहे, पण दोन्ही कुंपणे नसलेली.

असे करता येते काय? निदान आमच्या मुंबईपुढे एकदा तशी संधी येऊन गेली. १९८२ चा संप मोडला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याच्या मार्गाला लागली. १९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. या साध्या त्रैराशिकात मोठे शहाणपण होते. बाग आणि घर त्यात हातात हात घालून येत होती. बागेने भाव चढला असता तरी शेजारचा एक वाटा त्या भावाच्या तावडीबाहेर राहिला असता. २००१ साली नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त मुळात बांधकाम नसलेल्या जागेची, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात अशी जागा थोडीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली बदललेला नियम कायम झाला. एका वाक्यातील फरकाने केवढी सावली हरपली, हे परळच्या पुलावर उभे राहून कोणालाही पाहता येते.

वॉशिंग्टनमध्ये ॲनाकोस्टिया नदीवरच्या जुन्या पुलाच्या खांबांवर बाग करण्याचा संकल्प आहे. त्या योजकांनी हाय लाइनच्या अनुभवातून धडा घेतला. बागेचे काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, २०१५ सालीच, त्यांनी शेजाऱ्यांची घरे, रोजगार आणि छोटी दुकाने यांचा आराखडा केला आणि सामाईक मालकीत जमीन ठेवणाऱ्या विश्वस्त संस्थेला पाठबळ दिले. ते यशस्वी होतील की नाही हे भाकीत मी करणार नाही. पण त्यांनी क्रम बरोबर लावला, एवढे निश्चित. आधी माणसाचे मूळ धरू द्यायचे, मग झाडाचे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला एवढेच सापडले आहे. बाग करणारा त्या भावाचा अपराधी नव्हे. पण तो त्या भावाचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला गप्प बसण्याचा अधिकार नाही. आम्ही झाडे लावली तेव्हा समोरच्या चाळीत कोणाच्या नावावर काय आहे हे विचारले नाही. पोटभाडेकरूंसाठी एक अर्ज लिहिला नाही. कुंपणासाठी मात्र सतरा अर्ज लिहिले होते. चाळ रिकामी होत होती तेव्हा आम्ही बकुळीला पाणी घालीत होतो. आमचा दोष पाणी घालण्यात नव्हता, मान वर करून न पाहण्यात होता.

त्या बागेत मी आजही जातो. बकुळ मोठी झाली आहे. नव्या इमारतीतील मुले खेळायला येतात. चांगली मुले आहेत, आणि त्यांचा काहीही अपराध नाही. त्यांतली काही माझ्याच वर्गात आहेत. यंदाही मी बागेचा निबंध दिला, पण विषयात थोडा फरक केला: 'आमची बाग, आणि ती होण्यापूर्वी तेथे कोण राहत होते.' मुलांनी घरी जाऊन विचारले. पुष्कळांच्या वह्या कोऱ्याच आल्या, कारण सांगायला कोणी उरलेले नव्हते.

कोऱ्या वह्यांना गुण द्यावेत की नाहीत, हे अद्याप माझे ठरलेले नाही. एका जुन्या वहीतले चार गुण मात्र मी मनातल्या मनात केव्हाच दहा केले आहेत. पण ती वही आता माझ्यापाशी नाही, आणि लाल शाईचा तो शेरा अंबरनाथला कोठेतरी अजून तसाच आहे.